नजर किल्लेदाराची

करवंदगडाच्या पूर्वेकडील कड्यावर तांबडे फुटत होते, दरीतले धुके हळूहळू पांगत होते, आणि वेढ्याच्या एकाहत्तराव्या दिवशी किल्लेदार निळोजी ढमाले दरवाजाच्या बुरुजावर उभा होता. गडाचा दंडकच होता, की किल्लेदाराने स्वतःच्या डोळ्यांनी वाट न्याहाळावी आणि मगच "उघडा" म्हणावे. दुसऱ्या कोणाची नजर चालत नसे.

निळोजी तेवीस वर्षांचा होता आणि त्याला दिसत नव्हते.

अगदीच नाही असे नव्हे. नवव्या वर्षापासून तो तिन्हीसांजेला उंबऱ्याशी अडखळे. वैद्यांनी बकऱ्याचे काळीज खिलवले, अंजने घातली, आणि आईने "धांदरट आहे मेला" म्हणत हसून झाकले. मग कडेकडेने जग मिटत आले. आता वेळूच्या नळीतून पाहावे तेवढेच उरले होते. माणसाचे नाक दिसले तर कान दिसत नसे. दोन वर्षे त्याची पत्नी आवडाबाई बुरुजावरच्या तुळशीला पाणी घालायला येई आणि पदराआडून त्याला वाट सांगे. पाणी पिऊन पिऊन तुळस सडली, तरी कोणी काही विचारले नाही.

पण काल आवडाबाईला मुलगी झाली होती. सोयराचे दहा दिवस ती खोलीबाहेर येणार नव्हती.

आणि आजच दरवाजाशी पन्नास बैलांचा तांडा येऊन थांबला होता.

"रसद आली, निळोजीराव!" हवालदार बाळोजी, त्याचे सख्खे चुलते, म्हणाले. "आपलेच निशाण. म्हणा, उघडा."

निळोजीने पाहिले. एक शिंग. एक खूर. निशाणाचा भगवा कोपरा. कोणाची तरी दाढी. तुकडे काही केल्या जुळेनात.

"धनी, लवकर बोला," खालून सोमाजी नाईक ओरडला. "पोटातले कावळे ओरडून ओरडून मेले आमच्या!"

शिबंदी हसली. तांडा आपला असेल आणि परत फिरवला, तर गडावरची तीनशे माणसे उपाशी मरतील. शत्रूचा असेल, तर दुपारपर्यंत कोणीच उरणार नाही.

"आबा," तो चुलत्यांना म्हणाला, "सोमाजीला पाहू द्या."

"नाईकाची नजर चालत नाही, हे तुम्हांस ठाऊक आहे." बाळोजी जवळ आले, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "का? स्वतःला दिसत नाही म्हणून सांगायचे आहे? सांगा. किल्लेदारी आजच जाईल."

म्हणजे आबांना ठाऊक होते. त्यांनी सोयर धरून दिवस निवडला होता. पण एवढ्यावरून तांडा कोणाचा हे कळत नव्हतेच; चुलता लबाड असला तरी धान्य खरे असू शकते.

निळोजीने पागोटे उतरवून तटावर ठेवले.

"ऐका रे सगळे! मला दिसत नाही. दोन वर्षे मी तुम्हांस फसवले. आजपासून मी किल्लेदार नाही, आणि किल्लेदारच नाही तिथे दंडकही नाही. सोमाजी, वर ये आणि पाहा."

कोणी हसले नाही. सोमाजी वर आला, तटावरून वाकला.

"धनी, एवढा चढ चढून बैलांच्या तोंडाला फेस नाही. म्हणजे गोण्यांत धान्य नाही, भुसा आहे. आत हत्यारेही असतील."

बाळोजी जिन्याकडे धावले. आगळीला हात घालण्याआधीच पहारेकऱ्यांनी त्यांना धरले. तटावरून बंदुकांची फैर झडली आणि तांडा पांगला. खरी रसद त्यानंतर अकराव्या दिवशी पोहोचली, वेढा उठला. त्या अकरा दिवसांत सात माणसे भुकेने गेली.

दरबारातून निळोजीला मानाची वस्त्रे आली. सोबतच्या थैलीत गड नव्या किल्लेदाराच्या हवाली करण्याचा हुकूमही होता.

तान्हुलीला पोटाशी धरून आवडाबाई पुढे, तिच्या खांद्यावर हात ठेवून निळोजी मागे, असे ते गड उतरू लागले.

"थांबा," ती म्हणाली. "शिबंदी मुजऱ्याला उभी आहे."

"कोणीकडे?"

"डावीकडे."

निळोजी वळला, पण जास्तच वळला. कमरेत वाकून त्याने तीन वेळा शिस्तीत मुजरा केला. समोर रिकामा तट होता.

"पोहोचला?" त्याने विचारले.

"पोहोचला," आवडाबाई म्हणाली. "चला, पुढे पायरी आहे."