जागचा दगड

तिसऱ्या घावाला कोपरा निघाला, अगदी हवा तसा, ताजा, गुलाबी कणांचा... आणि मागून कोणीतरी म्हणालं, "त्याच्यावर आई बसते."

ती वळली. पावसाची बारीक भुरभुर चालू होती. कुंपणापाशी एक तरुण उभा होता. पायात गमबूट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात वासराला दूध पाजायची रिकामी बाटली. तो रागावलेला दिसत नव्हता, त्यामुळे तिला जास्तच लाज वाटली. हातोडा कुठे लपवावा ते कळेना.

टेकडीच्या चढावर, वाटेच्या वळणाशी, जमिनीत निम्मा रुतलेला तो शेवाळलेला दगड तिला लांबूनच दिसला होता. ते कोणाच्या तरी घराचं आवार आहे, हे मात्र दिसलं नव्हतं. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं: विद्यापीठात संशोधन करते, या टेकडीचा ग्रॅनाइट किती जुना आणि तो कसा तयार झाला ते शोधते, माफ करा, विचारायला हवं होतं. तो गुरांचा डॉक्टर निघाला.

"वय तर मीही काढतो," तो म्हणाला. "दात बघून."

"ह्याला दात नाहीत."

"म्हणून कोपरा फोडलात होय."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा ओशाळल्यासारखं झालं. तुकडा पिशवीत टाकताना तिला सरांचं वाक्य आठवलं. दर विद्यार्थ्याला ते पहिल्या दिवशी ऐकवत: आधी हलवून बघ, मग फोड. सुटा दगड कुठूनही आलेला असू शकतो. टेकडीचं वय सांगतो तो जागचा दगड. आज पाऊस वाढायच्या आत उरकायचं म्हणून तिने हलवून पाहिलंच नव्हतं.

"हा... इथलाच ना?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं.

"मला कळायला लागल्यापासून तर इथेच आहे."

मग टेकडीवरचे बाकीचे दगड गोळा करायला ती येत राहिली. तेवढ्या दिवसांत वरच्या अंगाच्या गाई फारच आजारी पडू लागल्या असाव्यात, कारण डॉक्टर नेमका त्याच वाटेवर भेटायचा. तिची जड पिशवी तो घ्यायचा आणि प्रश्न विचारायचा. तिनेही मग सांगितलं की ग्रॅनाइट लाव्ह्यासारखा बाहेर येऊन झटकन थिजत नाही. तो जमिनीच्या पोटात, खोल, सावकाश निवतो. म्हणून त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके मोठे होतात.

"आणि घाई झाली तर?"

"तर कण वाढत नाहीत."

"मग मी घाई करत नाही," तो म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. गमबुटांना नाडी नसते, हे तिला घरी गेल्यावर सुचलं.

प्रयोगशाळेत तिने दगड भरडले, त्यांचं पीठ पाण्यात निवळलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईने झिरकॉन वेचले. वाळूहून बारीक असे हे स्फटिक. दगडाचं वय त्यांच्यात मुरलेलं असतं. टेकडीचं वय आलं अडीचशे कोटी वर्षं. त्या एका कोपऱ्याचं मात्र तीनशे कोटींच्याही पुढे. सरांनी आकडे दोनदा तपासले आणि तिचं नाव विभागाच्या परिषदेत घातलं. सोबतच्या मुली तिला गारगोटी म्हणत, कारण आपटल्याशिवाय ठिणगी पडायची नाही. त्या म्हणाल्या, पडली एकदाची.

तिला ते सगळ्यांत आधी एकाच माणसाला सांगायचं होतं.

तो नुकताच घरी आला होता, ओट्यावर हात पुसत होता. तिने सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला नाही. कोरडे झालेले हात तो पुसतच राहिला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, कुठला दगड ते तिने विचारलं आणि हसायलाच लागली.

"अगं, तो इथला कुठला? हा पोटात होता तेव्हा मला चढ चढवायचा नाही, वळणावर धाप लागायची. म्हणून ह्याच्या बाबांनी दोन दिवसांच्या वाटेवरून, खाणीतून आणून टाकला तो. आता ते गेले, माझी बसायची जागा राहिली. तिचाही कोपरा ह्याने गाडी मागे घेताना उडवला. अजून बोलते मी त्याला."

तिने हातातली कपबशी खाली ठेवली. संशोधनाची लाज मोठी होती, पण ती परिषदेपर्यंत थांबली असती. ही दुसरी लाज समोर उभी होती.

"गाडीने नाही," ती म्हणाली. "मी फोडला. हातोड्याने... न विचारता."

आईने ट्रे खाली ठेवला. "गाडीच्या धक्क्याने दगड इतका साफ निघतो होय? आणि गाडीला साधा ओरखडा नाही. बघत होते, कोण आधी बोलतंय." मग लेकाकडे वळून ती म्हणाली, "तू तर त्या दगडापेक्षा घट्ट निघालास." दूध उतू जाईल म्हणत ती आत गेली.

"त्या दिवशी तुम्ही इतक्या ओशाळला होतात," तो खाली बघून म्हणाला. "उगाच फोडलात असं कसं सांगायचं? नंतर सांगणार होतो... पण मग तुम्ही परत आलात. सांगितलं असतं तर, वाटलं, तुमचं इथलं कामच संपेल."

"तीन वर्षांचं काम आहे माझं."

"लाज वाटते मला," तो म्हणाला. आता कान त्याचे लाल झाले होते.

तिला खूप बोलायचं होतं. पण दगड हलवून बघायचं काम त्याचं नव्हतं. चहा तसाच ठेवून ती निघाली.

सरांपुढे तिने उभ्यानेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "हलवून बघितला होता?" "नाही." एवढंच बोलणं झालं. परिषदेतून नाव गेलं. बाकीचे दगड जागचे होते म्हणून प्रबंध बचावला, पण गारगोटीचं नाव बदलून मुलींनी कोपरा ठेवलं.

आभाळ मोकळं झालं तेव्हा एका दुपारी ती पुन्हा त्या वळणावर आली. घराकडे न जाता तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे लावून दगड जोर काढून ढकलला.

"हलला?" मागून आवाज आला.

"नाही."

"रुजला असेल, इतक्या वर्षांत."

तिने पिशवीतून उरलेला तुकडा काढून मोडलेल्या जागी ठेवला. एका बाजूने तो नीट बसला. बाकी खड्डा तसाच राहिला.

"बाकीचा कुठे गेला?"

"वय काढण्यात."

तो हसला नाही. विद्यापीठाच्या फाटकापर्यंत दोनदा येऊन परत फिरलो, असं त्याने सांगितलं.

"टेकडीवर आता माझं काहीच काम नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तरी आले." कान तापले होते, पण या वेळी तिने ते लपवले नाहीत. "का आले... तू विचारणार नाहीस?"

"तू?" त्याने तो शब्द हळूच उचलला.

तिने जीभ चावली. "घाई झाली का?"

"नाही," तो म्हणाला. "कण चांगले वाढलेत."

वरून आईने हाक मारली, चहा होतोय, तोवर बसा तिथेच. ती बसली. मग तोही बसला. कोपरा नसल्यामुळे दोघांना जागा जरा कमीच पडली.