रादोशच्या नावाचं कुलूप

"खिडकी लावा आधी! मारायचंय का मला?"

नोवी साड शहरातून आलेला वुकान जागच्या जागी थिजला. कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला हा पोरगा. आल्या आल्या त्याने खिडकी उघडली, आणि तीही दार सताड उघडं असताना! तिसा नदीकाठची माणसं पुराला घाबरत नाहीत, पण आरपार वारा सुटला की जीव मुठीत धरून पळतात.

टेबलामागून ओरडणाऱ्या सेंकाने दोन्ही हातांनी मान झाकून घेतली होती.

"लावली, लावली. आहात ना जिवंत?"

"संध्याकाळी मान आखडली की कळेल."

"मग संध्याकाळी चौकशीला येतो—"

तिचे ओठ हसायला निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. वर्षभर तिचं हसू असंच अडखळत होतं.

नदीची पातळी मोजणारी ही कचेरी. वर डोंगरात बर्फ वितळत होतं, तिसा चढत होती, आणि पातळी दाखवणारा स्क्रीन मात्र घडोघडी गोठायचा. मशीनच्या नोंदी उघडल्या की एकच लाल ओळ, खाली तीच, त्याच्या खाली तीच... परवानगी नाही.

वुकानने परवानग्यांचं पान उघडलं. समोरची सगळी बटणं करडी. दाबा, ढिम्म! वर मालकाचं नाव: रादोश.

"हा रादोश कोण बुवा? सगळ्याला कुलूप ठोकून हिंडतोय कुठे?"

कचेरीचा साहेब झिवान रिकाम्या कपात चमचा फिरवत राहिला.

"माझा नवरा," सेंका म्हणाली. "गावाबाहेर... दफनभूमीत आहे."

वुकानचे कान लालबुंद झाले.

ही मशीनं रादोशच सांभाळायचा. गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस निसरड्या रस्त्यावर गाडी घसरली, तो गेला. मोठ्या कचेरीने त्याचं खातं बंद केलं, पण मालक म्हणून नाव राहिलं ते राहिलंच. कारण गावाची रीत अशी, की वर्ष होईस्तोवर गेलेल्या माणसाची वस्तू हलवायची नाही. आणि या भल्या लोकांनी ती रीत मशीनलाही लावली! बिचारा प्रोग्रॅम बंद खात्याच्या दारात परवानगी मागत उभा, आणि रोज नकार खातोय.

"शनिवारी वर्ष होतंय," सेंका हळूच म्हणाली. "तोवर... नका ना काढू."

वुकानने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बरं."

"बरं काय बरं?" झिवान उसळला. "नदी थांबणाराय शनिवारपर्यंत? किती वेळाचं काम आहे?"

"कुलूप लई अवघड आहे, साहेब. दिवस लागतील. तोवर स्क्रीन मी सांभाळतो."

आणि खरंच बसला की तो! स्क्रीन गोठला की हाताने प्रोग्रॅम चालू करायचा, पातळी मोठ्याने वाचायची, पुन्हा गाल हातावर टेकवून वाट बघायची. सेंका कॉफी आणून ठेवायची. तो म्हणायचा, "कडू आहे." ती म्हणायची, "माणूस बघून करते." दोन टेबलांमध्ये एवढंच... पण कॉफी रोज थोडी गोड होत गेली.

एका दुपारी ती चीज भरलेला खुसखुशीत बुरेक द्यायला त्याच्या पाठीशी आली, तर स्क्रीनवर परवानग्यांच्या पानाच्या तळाशी एक बटण चांगलं जागं होतं: मालकी घ्या. एकदा दाबायचं, बस्स. वुकानने ते पान चटकन मिटलं. सेंकाने बुरेक ठेवला आणि गेली. जागेवर बसल्यावर मात्र तिला टाइप करायची अक्षरं सापडेनात.

शनिवारी थडग्यावर मेणबत्त्या लावून, वाइन ओतून झाली. सेंका गेलेल्याच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गोड गव्हाची वाटी घेऊन तडक कचेरीत आली. वुकान उठून उभा राहिला. चमचाभर गहू खाल्ला.

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

"ऊठ," ती म्हणाली. तिला कळलंही नाही की 'तुम्ही' गळून पडलं. "मी दाबते."

ती खुर्चीत बसली, स्वतःचं खातं उघडलं. 'मालकी घ्या'वर बाण नेला... पण वर रादोशचं नाव होतं. वुकान हलला नाही, मदतीला हातही पुढे केला नाही. बराच वेळ ती ते नाव बघत राहिली, मग ओठांतल्या ओठांत एकदा म्हणाली, आणि दाबलं. तिथे आलं: सेंका. करडी बटणं उजळली. नोंदींमध्ये लाल ओळ उमटायची थांबली.

ती रडली, आवाज न करता. तो बाजूला बसून राहिला.

"पहिल्याच दिवशी झालं असतं हे," ती म्हणाली.

"हो."

"साहेबाला थाप मारलीस."

"चांगली मोठी."

"वुकान... मला अजून रडू येतं. भाजी चिरताना, मधेच कधीही. त्याच्यासाठीच येतं."

"येऊ दे की. मी काय तुला थांबवायला आलोय?"

तिने नाक पुसलं.

"उद्या आईकडे जेवायला ये."

"येतो. पण आईने विचारलं, हा कोण, तर काय सांगू?"

"तू..." ती थांबली. मग त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तू जेव गुपचूप. आईला मी सांगते."