नीसला खाल्लेला मासा

मोबाईल खाली ठेव, प्रणय. ऐकायचं तर सगळ्यांनी नीट ऐका, आणि ही काही बनवलेली गोष्ट नाही, घडलेलं आहे. आपल्या उरणच्या कोळीवाड्यातला शिवदास माझ्या बरोबरीचा. त्यानं मला हे एकदाच सांगितलं, आणि सांगताना दोनदा थुंकला.

त्याचा धाकटा भाऊ धर्मा दोन हजार तेवीसच्या एप्रिलात बुडाला. प्रेत मिळालं नाही. त्यांच्या घरचा रिवाज असा, की बुडालेला माणूस किनाऱ्याला लागेपर्यंत घरच्यांनी म्हावरं, म्हणजे मासळी, तोंडाला लावायची नाही. का ते विचारू नका. समुद्रात मासे काय खातात, हे तुम्हालाही कळतं. धर्माच्या बायकोनं, सोनूबाईनं, बांगड्याही उतरवल्या नाहीत. चौदा महिने दोन्ही घरांत नुसता डाळ-भात. कोळ्याच्या घरात!

शिवदासचा मुलगा मितेश बोटीवर इंजिनिअर. त्यानं पुढल्या वर्षी जूनमध्ये बापाला आणि बायकोला, मनालीला, फ्रान्समधल्या नीस शहरात फिरायला नेलं. भूमध्य समुद्राकाठचं जुनं, नावाजलेलं शहर. राजेराण्या तिथं हवा खायला यायच्या म्हणे. शिवदासला मात्र पहिल्या दिवसापासून शिसारी. किनाऱ्याला वाळू नाही, नुसते गोटे, आणि त्या गोट्यांवर तेल चोपडून पडलेली उघडी माणसं, बोंबील सुकत घातल्यासारखी. खायला काय, तर ओल्या पायपुसण्याच्या वासाचं चीज आणि कच्चा पाला. पाच दिवस पाव कुरतडून माणसाचं तोंड पार विटून गेलं.

दोन हजार चोवीसची गोष्ट. जूनची एकोणीस, बुधवार. जुन्या गल्लीतल्या एका हॉटेलात मितेशनं टेबल धरलं, ऑर्डर दिली आणि म्हणाला, "बाबा, मनालीचं डोकं दुखतंय, आम्ही गोळ्या घेऊन येतो. तुम्ही टेबल सोडू नका." एवढंच काम. साडेआठ वाजत आले होते, तरी चांगलं ऊन होतं. तिकडे जूनमध्ये नऊनंतर मावळतं.

वेटरनं मितेशचा मासा आणून ठेवला; परदेशात कसला आलाय रिवाज, असं पोराचं म्हणणं. अख्खा, भाजलेला, डोक्यासकट. वाफ नाकात गेली आणि शिवदासच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या पाण्याचीच त्याला किळस आली. त्यानं ताट ढकललं. मग परत ओढलं. मनाशी म्हणाला, हा दर्या आपला नाही. इथल्या माशानं धर्माला पाहिलेलंही नाही.

आणि खाल्ला. एक बाजू निपटून खाल्ली.

मग पोटाकडचा घास घेतला. मऊ लागला. गिळगिळीत. थंड. एवढ्या भाजलेल्या माशात थंड...? त्यानं बोटानं पोट उघडलं. आत करडा चिखल होता. ओहोटीला आपल्या खाडीत उघडा पडतो ना, तो. तोच वास. जिभेवर तीच चव.

फोन वाजला. सोनूबाई. नीसला साडेआठ, म्हणजे इथे उरणला रात्रीचे बारा.

"भावजी..." ती कुजबुजत होती. "तुमी म्हावरं खाल्लाव?"

त्याचं चावणं थांबलं. घास तोंडातच होता.

"खरं सांगा. ते आलेन. भायेर ओट्यावर बसलेन. म्हनतान, दादूस जेवला, आता मलाबी वाढ."

शिवदासनं घास थुंकला. "सोने, दार उघरू नको. तो धर्मा न्हाय!"

"आवाज त्यांचाच हाय."

"अगो, दार..."

"चौदा म्हयनं भुकेलं हायत ते, भावजी."

कडी सरकली. ताट जमिनीवर ठेवल्याची खणखण. मग कुणीतरी जेवत असल्याचा आवाज. मचमच. भुरका. बोटं चोखणं... शिवदासला फोन ठेवता येईना.

मितेश आणि मनाली परतले तेव्हा बाप गटाराशी वाकून ओकत होता.

चौथ्या दिवशी शिवदास उरणला उतरला, तो थेट तिच्या घरी. भर दुपार. सोनूबाई जमिनीवर ताट घेऊन बसलेली. चेहरा हसरा. एवढं हसताना तिला फक्त लग्नात पाहिलं होतं.

"रोज येतान," ती म्हणाली. "ताटात माज्यासाठी ठेवून जातान."

नवऱ्याच्या ताटातलं उष्टं खायची आपल्याकडची जुनी पद्धत. ताटात फुगलेला भात होता, वर बुळबुळीत करडा थर. तोच खाडीचा वास. शिवदासनं तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला, घास तोंडात घातला, सावकाश चावला... गिळला.

"तुमी उपास मोरलाव, म्हनून आलं ते," ती म्हणाली. "लय उपकार केलंव, भावजी."

त्याच रात्री तिला उचलून माहेरी नेलं. घराला कुलूप लावलं. पण ती बसायची त्या जागेच्या समोर, लादीवर, मांडी घालून बसलेल्या माणसाचा डाग पडलाय. मिठाचा. मितेशनं ॲसिडनं घासला, गेला नाही. लादी उपटून नवी बसवली. नव्या लादीवरही आहे.

परवा कुलूप काढून मीच पाहून आलो. बोट लावलं...

ओला होता.