दोन ठोक्यांमधलं अंतर

माझं काम ऐकायला भारी वाटतं, पण खरं तर ते तांदूळ निवडण्यासारखं आहे. दूरच्या एका ग्रहावर उतरवलेलं यंत्र तिथल्या जमिनीचे हादरे टिपतं. त्याची आदल्या दिवसाची नोंद रोज सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर येते आणि मी खडे वेचते: हा वारा, ही तापलेल्या पत्र्याची कुरकुर, हा खरा भूकंप. कलिंगड टिचकी मारून पारखतात ना, तसं या हादऱ्यांवरून ग्रहाच्या पोटातलं कळतं. कवच किती जाड, गाभा कुठून सुरू.

खऱ्या भूकंपाच्या दोन लाटा येतात, चपळ आधी आणि रेंगाळणारी नंतर. दोन्हींमध्ये जितके सेकंद जास्त, तितका भूकंप लांबचा. बारीक हादरा असेल तर एवढंच हाती लागतं. किती लांब ते कळतं, कुठल्या बाजूला ते नाही.

हे मी घरूनच करते, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत. टेबलाखाली आमची गोटी खेळत असते. अडीच वर्षांची आहे. आकडे म्हणताना पाचावरून थेट आठावर उडी मारते. माझा एक डोळा कायम तिच्यावर असतो. घास गिळताना, पायरी उतरताना, झोपेत श्वास घेताना. नवरा म्हणतो, "ते यंत्र तिकडे कशाला पाठवलं? तू होतीस की."

एका दुपारी तिनं लाकडी ठोकळा फरशीवर आपटला. ठक. मग कान फरशीला लावून पडून राहिली. इतका वेळ, की न राहवून मी वाकून बघितलं. मग पुन्हा ठक. सवयीनं माझी मोजणी चालूच होती. शहाण्णव सेकंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदीत एक बारीक हादरा निघाला. आदल्या दुपारचा. दोन लाटांमध्ये शहाण्णव सेकंद.

योगायोग म्हणून मी तो सोडून दिला. चार दिवसांनी गोटीनं पुन्हा ठोकलं. मी घड्याळ लावून बसले. एकाहत्तर. सकाळी नोंदीतही एकाहत्तर. माझं बघून करते म्हणावं, तर मी नोंद पडद्यावर बघते, आवाज ऐकत नाही. आणि जी नोंद माझ्याकडेच आली नव्हती, ती हिनं कुठून बघितली?

आठवडाभरानं अडतीस.

आमच्या प्रमुखांना मी फोन केला. गोटीचा विषय काढला नाही, फक्त आकडे सांगितले. म्हटलं, एकच हादरा जवळ जवळ येतोय असं दिसतंय.

"भूकंप चालत नसतात, बाईसाहेब," ते हसले. "लेकरानं झोपू दिलं नाही वाटतं?"

मी ठोकळा कपाटावर ठेवून दिला. गोटीनं चमचा घेतला. चमचा काढून घेतल्यावर टाचेनं ठोकायला लागली. शेवटी मी टेबलाखाली तिच्यासमोर जाऊन बसले.

"गोटे, हे काय करतेस गं?"

तिनं एक टाच आपटली. "हा पाय."

मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी टाच. "हा पाय."

"कोणाचे पाय?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही कसं कळत नाही हिला.

"आधी हळू," ती म्हणाली. "आता पळतोय."

त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, आपण वरच्या मजल्यावर कुठेतरी जागा बघू या.

"दुसऱ्या ग्रहावरच्या भूकंपाला भिऊन घर बदलणारी तू जगात पहिली," तो म्हणाला. मग त्यानं माझा चेहरा बघितला. "बघू. महिना संपू दे."

महिना संपायच्या आत यंत्रच संपलं. त्याच्या सौरपट्ट्यांवर धूळ साचत होती, हे होणारच होतं. शेवटच्या दिवसाच्या नोंदीत एकच हादरा होता. सहा सेकंद.

त्यानंतर नोंदी आल्या नाहीत. गोटीनंही टाच आपटली नाही. ठोकळा मी खाली काढून दिला, तर तिनं त्याची गाडी केली. पंधरा दिवस गेले. मला गाढ झोप लागायला लागली. घराचा विषय मीच सोडून दिला.

काल दुपारी तिची नखं कापायला घेतली. ती मांडीवर होती, दोन्ही पाय माझ्या हातात. टेबलावर पाण्याचा पेला होता. घरात आम्ही दोघीच.

डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत आले होते.

ठक.

फरशीतून. माझ्या तळव्यांना कळलं. पेल्यातल्या पाण्यावर बारीकशी कडी उमटली.

मी गोटीचे पाय घट्ट धरले. ते माझ्या मुठीतच होते, गरम, स्थिर.

अंतर यंत्रापासूनचं आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मी मोजायला सुरुवात केली.

'एक' पुरता म्हणून झाला नाही.

ठक.

मग काहीच नाही. पेल्यातलं पाणी सपाट झालं.

"थांबला," गोटी म्हणाली, आणि नखं कापायला तिनं दुसरा पाय पुढे केला.