पन्नास मिलिलिटर

नऊ दिवसांत आरोहीची अकरा ठिकाणं पाहून झाली होती. बीडची खजाना विहीर, धारूरचा किल्ला, कपिलधार, नायगावचं मोरांचं अभयारण्य. बीडमधली एक संस्था जिल्ह्यातल्या पाहण्यासारख्या जागांची पुस्तिका काढणार होती आणि भूशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या आरोहीकडे मोजमापाचं काम होतं. किती खोल, कोणता दगड, पाणी पिण्याजोगं आहे का. दंतकथा आपण लिहिणार नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

बारावं ठिकाण म्हणजे वडवणीच्या पुढं, फाट्यापासून दोन किलोमीटर आत डोंगरातल्या एका वस्तीची बारव. डिसेंबर होता. अख्खी वस्ती ऊसतोडीला गेलेली. दारादारांत कुलपं, कुलपांवर धूळ, अंगणांत वाळून उभी राहिलेली तुळस. मागे राहिलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या माणसांपैकी मनकर्णाबाई तेवढ्या बोलायला पुढं आल्या.

"लगनाआधीचे फोटू काढणारे येतेत, तसली हायस का?"

"नाही हो मावशी. बारव मोजायला आलेय."

"मोज बाई. कुठं पळून न्हाई जायची ती."

एक्केचाळीस पायऱ्या. काळा दगड, मधे कुठंही चुना नाही. वरच्या उन्हातून आठ-दहा पायऱ्या उतरलं की हवा गार व्हायची आणि पारव्यांचं घुमणं वर राहून जायचं. पाण्यालगतच्या तिन्ही भिंतींत हातभर उंचीच्या देवळ्या होत्या. एकाही देवळीत देव नव्हता. प्रत्येकीत एकेक मातीचं गाडगं होतं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. बहुतेकांवर गेरूनं नावं लिहिली होती. कोपऱ्यातल्या एकावर नाव नव्हतं, नुसता बांगडीचा गोल ठसा होता.

"ती आमच्या सुनिताची," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सून माझी. साळंचं तोंड न्हाई बघितलं तिनं, मग बांगडी उठवली. तोडीला जाणारानं आपल्या हातानं आपलं पाणी भरून ठिवायचं. आल्यावर आपणच वतायचं."

"आणि मधे कोण भरतं?"

"कुणीच न्हाई."

"दोन महिन्यांत आटत नाही?"

"का म्हून आटंल? माणसं हायेत की तिकडं."

आरोहीनं गाडग्यांना बाहेरून हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत. हे तिला खटकलं. मातीचं मडकं पाझरतं, म्हणून तर त्यातलं पाणी गार होतं. तिनं आपलं काचेचं भांडं भरून शेजारी ठेवलं, पातळीवर खूण केली आणि मुक्कामाला मनकर्णाबाईंच्या घरी गेली.

सकाळी साडेसात वाजता भांड्यातलं पाणी तीन मिलिमीटर उतरलेलं होतं. सत्तावीस गाडग्यांपैकी एकाचंही तसूभर उतरलं नव्हतं.

यालाही कारण असणार. पाण्यात क्षार जास्त असतील, मातीला काही लेप असेल. तिनं कोपऱ्यातलं हाताशी येणारं गाडगं निवडलं, सिरिंजनं बरोबर पन्नास मिलिलिटर पाणी काढलं आणि पायरीवर बसूनच क्षारांची तपासणी केली. रसायनाच्या दोन थेंबांनी पाणी पिवळं झालं, मग हळूहळू विटकरी. आकडा अगदी साधा आला. विहिरीच्या पाण्याचा होता तोच. तिनं तो वेळेसकट वहीत लिहिला आणि विटकरी पाणी वर येऊन मातीत ओतून दिलं.

नऊच्या सुमारास मनकर्णाबाईंचा फोन वाजला. मुलगा रामेश्वर होता. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे आरोहीला सगळं ऐकू आलं.

"आई, सुनिताला कायतरी झालंय. साडेसातला फडात बसली ती उठंचना. कळशीभर पाणी पिली तरी तहान म्हणती. जीभ लाकडावानी झालीय."

"दवाखाना?"

"मुकादम गाडी बघायलाय. सातवा म्हैना हाय, मला भ्या वाटायलंय गं."

मनकर्णाबाई बारवेकडे निघाल्या. आरोही मागोमाग. बांगडीचा ठसा असलेल्या गाडग्यात पाणी काठापासून चार बोटं खाली गेलेलं होतं.

पन्नास मिलिलिटरनं एवढा फरक पडत नाही, हे आरोहीला माहीत होतं.

"कुणी हात लावला?"

"मी. थोडं काढलं, तपासायला."

"वत परत."

"त्यात औषधं घातली होती. टाकून दिलं."

म्हातारी ओरडली नाही. खालच्या पायरीवर टेकली आणि गाडग्याकडे बघत राहिली. पाणी उतरताना दिसत होतं. भिंतीला ओल नव्हती, खाली थेंब नव्हता, आणि तरी ते उतरत होतं.

"विहिरीतलंच पाणी आहे ना? पुन्हा भरू."

"तिचं तिनंच भरायचं असतंय. दुसऱ्यानं भरलं की ते दुसऱ्याचं, भरणाराचं कायतरी त्याच्यासंगं जातंय." मनकर्णाबाईंनी पदर खोचला. "मी भरते. माझं काय, सगळं जगून झालंय."

आरोहीनं त्यांचा हात धरला. या सगळ्यावर तिचा विश्वास नव्हता. पण वहीत साडेसात ही वेळ तिच्याच अक्षरात होती.

"काढलं मी. भरतेही मीच."

"बाई, इचार कर."

आरोहीनं वाकून सिरिंज विहिरीत बुडवली. बरोबर पन्नास मिलिलिटर. ती गाडग्यात रिकामी केली, तशी पाण्याची पातळी चार बोटं चढून काठाला लागली. मग गाडगं बाहेरून ओलं झालं. सत्तावीसांतलं ते एकच.

पंधरा मिनिटांनी रामेश्वरचा फोन आला. तहान गेली. उठून बसली. भाकर मागतीय.

मनकर्णाबाई रडल्या. आरोही हसली आणि तिलाही डोळे पुसावे लागले. योगायोग, ती मनाशी म्हणाली. उन्हानं आलेली चक्कर.

दुपारी फोनवर सुनिता स्वतः होती.

"आत्या, मी बरी हाय. पर आत्या, एक गंमतच झाली."

"काय गं?"

"पिठाच्या पिशवीवरलं मला वाचाया आलं. ट्रॅक्टरवरलंबी आलं. मुकादम म्हणला नाटकं करतीस, तर त्याची सगळी पावती वाचून दाखवली मी!" पलीकडे बायांचा हशा पिकला. "कावून आलं असंल, आत्या?"

मनकर्णाबाई फोनकडे बघत नव्हत्या, आरोहीकडे बघत होत्या.

मग त्यांनी घाईघाईनं दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि तिच्या हातात दिल्या. "तीनची गाडी गाठ. जा माय, घरी जा तुझ्या."

फाट्यावर ऊन उतरलं होतं. आरोहीचं डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. वाटेत तिनं मनातल्या मनात बारवेची खोली काढली, पाण्याचं तापमान आठवलं. सगळं जागच्या जागी होतं.

धुरळा उडवत लाल गाडी येऊन थांबली. नंबरातले आकडे तिनं वाचले. दोन, शून्य, चार, एक.

काचेमागं पाटी होती. पाटीवर एक आडवी रेघ होती आणि रेघेला खाली काही आकार लोंबत होते. कुठं गोल, कुठं उभा दांडा. तिनं डोळे बारीक केले, चार पावलं पुढं गेली. आकार मोठे झाले, इतकंच.

शेजारी करडू काखेत घेतलेली एक बाई उभी होती.

"काकू," आरोही म्हणाली, "ही गाडी कुठं जाते?"

बाईनं तिचा चष्मा पाहिला, पाठीवरची सॅक पाहिली. "शिकलेली दिसतीस की. पाटी हाय समोर."

आरोही पाटीकडेच बघत होती.

करडू दुसऱ्या काखेत घेत बाई हळू आवाजात म्हणाली, "मलाबी न्हाई येत. त्यात लाज कसली? चल, डायवरला इचारू."