बावीस खोल्यांची चाळ

आमच्या लालबागच्या चाळीत खोल्या बावीस. अकरा खाली, अकरा वर. हे मी छातीठोक सांगते, कारण चाळ पाडली तरी तिची सगळी कागदं माझ्याच घरी होती, शीवच्या ट्रान्झिट कॅम्पात, टीव्हीखालच्या एका लहानशा कॉम्प्युटरवर. चाळ कमिटीचे राजारामकाका म्हणाले होते, "अनुजा, परक्यांच्या क्लाऊडवर आपली कागदं कशाला? तू शिकलेली, घरीच ठेव."

ऑफिसात मी सर्व्हरच सांभाळते. मी प्रत्येक खोलीसाठी वेगळा कंटेनर केला. डबाच म्हणा, एकातलं दुसऱ्यात सांडत नाही. त्यात त्या घराची लाइट बिलं, रेशनकार्ड, फोटो. सगळ्यांच्या पुढे प्रॉक्सी, म्हणजे दरवान. फोनवरून कुणी खोलीचा नंबर टाकला की तो त्याला नेमक्या डब्यापाशी नेतो आणि नोंद करून ठेवतो. म्हातारी माणसं नंबर चुकवतात, म्हणून मी नियम लिहिला, की कुणालाही परत पाठवायचं नाही. ऑफिसात असलं काही लिहिलं असतं तर घरी बसवलं असतं मला. पण आमच्या चाळीत दिवसा कडी घालून बसणारा एकतर आजारी असायचा, नाहीतर भांडलेला. हात तसाच चालला.

शुक्रवारी चाळीच्या जागी झालेल्या नव्या टॉवरमध्ये घराचा ताबा मिळायचा होता. कागदावरचा खोली नंबर यादीशी जुळला तर किल्ली, नाहीतर पुन्हा ट्रान्झिट. इथं चार जिने आणि लिफ्ट कायमची बंद. आईचे गुडघे अजून किती वर्षं हे चढणार, एवढीच माझी काळजी होती. घरात आम्ही दोघीच. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. तक्रार नाही, सवय झाली आहे.

सोमवारी संध्याकाळी नोंदी चाळताना दिसलं, की कुणीतरी तेवीस नंबर मागितला होता. चुकून असेल, म्हटलं. पण दरवानानं त्याला आत नेलं होतं. मी डब्यांची यादी काढली. तेवीस नंबरचा डबा होता आणि चालू होता. अकरा वर्षांपासून चालू आहे, असं मशीन सांगत होतं. मशीन मी मागच्या दिवाळीत घेतलं.

आत एकच कागद होता. बाबांच्या नावाचं लाइट बिल, चौऱ्याण्णव सालचं, कोपऱ्यावर हळदीचा डाग. आमचंच. आमची खोली नऊ. नऊच्या डब्यात ते आता नव्हतं.

कुणीतरी खोडसाळपणा केला असणार. मी तेवीस पुसून टाकला, नियम बदलला, पासवर्ड बदलले. मंगळवारी तो परत होता. आत लाइट बिल होतं, शिवाय आमचं रेशनकार्ड.

बुधवारी नऊचा डबा रिकामा झाला.

मी मशीनची वायर काढली आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. मूळ कागद बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले होते. त्यांची गाठ मीच सोडली. लाइट बिल, खोली क्रमांक २३. रेशनकार्ड, २३. शाई जुनीच होती. घडीवर जिथं कागद विरला होता, तिथं आकडाही विरला होता.

आई भाजी निवडत होती. मी विचारलं, "आई, आपली खोली कितवी गं?"

"तेवीस. असा काय इचारतंस?"

"नऊ ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि पुन्हा भाजीला लागली.

गुरुवारी राजारामकाकांना फोन केला.

"तेवीस," ते म्हणाले. "जिन्याच्या पलीकडची."

"काका, जिन्याच्या पलीकडे भिंत होती."

त्यांनी ते कानावरच घेतलं नाही. मग म्हणाले, "उद्या वेळेवर या. आईला रिक्षानं आण."

मला भीती वाटायला हवी होती. ती मी रात्रभर शोधली. सापडली नाही.

शुक्रवारी अकरा वाजता आम्ही टॉवरच्या तळमजल्यावर होतो. टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "जुनी खोली?"

नऊ म्हटलं असतं तर खरं झालं असतं. आई माझ्या खांद्याला धरून उभी होती. पुन्हा ते चार जिने नकोत.

"तेवीस," मी म्हटलं.

"परब. माणसं तीन."

"दोन," मी म्हटलं.

त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. बाबांच्या नावापुढे 'मयत' असं नीट लिहिलेलं होतं. त्याखाली आई. मग मी. मग तिसऱ्या माणसाची ओळ. तिथं नाव नव्हतं. अंगठा होता.

"किल्ली यांनी सकाळीच नेली," अंगठ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "तुम्ही फक्त सह्या करा."

मी सही केली. बोट त्या अंगठ्याच्या ठशाला लागलं. शाई ओली होती.

आईनं पदरानं माझं बोट पुसलं.

"चल गो," ती म्हणाली, "तो जेवूक थांबलो असतलो."