लहानूच्या नावाच्या दोन म्हशी

ज्या साली मधुकररावांच्या लेकीचं, नंदिनीचं लग्न पंचवीस माणसांत उरकलं, त्या दोन हजार एकवीस सालची ही भानगड. उघडी पडली ती पुढच्या उन्हाळ्यात.

सिंधूताई लोकांच्या भानगडी सोडवून देणाऱ्या हिमानीच्या, नागपुरात नंदनवन भागातल्या ऑफिसात आल्या, त्या सगळीकडे डोकं आपटूनच.

"माहा माणूस, लहानू, कोरोनात गेला, बाई. लॉकडाऊनमध्ये दूध फेकून द्यावं लागलं, त्याची सरकारी मदत मागाले गेली, तर कचेरीतले साहेब म्हणते, लहानूनं ती दिवाळीच्या आधीच घेतली. मेलेला माणूस कसा घेईन? मग म्हणे, तूच घेतली. परवापर्यंत कबूल कर, नाहीतर पोलिसात देतो."

"पैसे गेले कोणाच्या खात्यात?" तिथंच बसलेल्या हिमानीच्या काकांनी, मधुकररावांनी विचारलं.

"ते गोपनीय आहे म्हणते."

मधुकररावांची हयात खापरखेड्याच्या वीजकेंद्रात गेलेली. सरकारी काम त्यांना नवं नव्हतं, तरी टाळकं सरकलं. पुतणी हिमानीबरोबर ते कचेरीत गेले. बाबूनं उपकार केल्यासारखा अर्जासोबतचा फोटो तेवढा दाखवला. गोठ्यात दोन म्हशी, एकीच्या गळ्यात लहानूच्या नावाची पाटी, गोठ्याच्या दारावर झेंडू आणि आंब्याच्या पानांचं सुकलेलं तोरण. तारीख दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली.

हिंगण्यापलीकडच्या सिंधूताईंच्या गावात फोटोतल्यासारखे टिनाचे गोठे तीनच, एकाच ठेकेदारानं बांधलेले, एका साच्यातले.

पहिला लहानूचा. आता त्याचा भाऊ प्रेमानंद सांभाळतो. घरावर निळा झेंडा.

"त्या साली दसरा कसा केला?" हिमानीनं विचारलं.

मधुकररावांनी कपाळाला हात लावला.

"घरीच बुद्धवंदना केली. गर्दीले बंदी होती ना," प्रेमानंद म्हणाला.

दुसरा गोठा गोपाळरावांचा. "कायचा दसरा? आमची माय, जिजाबाई, त्याच श्रावणात गेली. वर्षश्राद्ध होईस्तोवर घरात सण नाही."

तिसरा दुर्गेशचा. गावाचे ऑनलाइन अर्ज तोच भरायचा. "लहानूभाऊचा फॉर्म? मी नाही भरला बा."

हिमानी म्हशींकडे सरकली. एकीनं शिंग उगारलं.

"दूर राहा, मॅडम. दोघीही माह्याशिवाय कोणालेच जवळ येऊ देत नाही. दसऱ्याले बायको ओवाळाले गेली, तर तिलेही उडवलं."

परतताना मधुकरराव वैतागले. "पोलीस दारात येऊन राहिले अन् तू सणवार विचारून राहिली."

"काका, साहेबांना गावात बोलवा."

दुसऱ्या दिवशी सिंधूताईंच्या अंगणात सगळे जमले. हिमानीनं फोटो पुढे धरला.

"हे दसऱ्याचं तोरण. लहानूंचं घर बौद्ध, तिथं ते लागत नाही. गोपाळरावांकडे त्या साली सणच नव्हता. ज्याच्या दारी तोरण रोजचंच, त्याच्या डोळ्यांना फोटो काढताना ते खुपलं नाही. गोठा दुर्गेशचा."

"फोटो कोणीही काढला असन," दुर्गेश म्हणाला.

"असेल. पण पाटी गळ्यात कोणी अडकवली? त्या म्हशी तर तुमच्या बायकोलाही जवळ येऊ देत नाहीत."



"बोल ना गा," गोपाळराव म्हणाले, "आता काहून गप?"

साहेबांनी फोन लावला. इतक्या दिवसांचं गोपनीय खातं चहा निवायच्या आत सापडलं. दुर्गेशच्या मेहुण्याचं होतं.

"मदत मिळेल, ताई," साहेब पुटपुटले.

"ते मागून पाहू," सिंधूताई म्हणाल्या, "पहिले तुमच्या कागदावर खरं लिहा. मेलेल्याच्या नावानं खाणारी मी नाही."

साहेबांनी तिथंच लिहिलं. लहानू वीस एप्रिल दोन हजार एकवीस रोजी कोरोनानं मरण पावला.